परदेशातील भाषाशिक्षक : कराराचे वर्ष संपल्यावर पुढे काय?

परदेशात जाऊन भाषा शिकविण्याची नोकरी दुरून मोठी सुखाची वाटते. नवा देश, नवी माणसे, दरमहा ठरलेला पगार आणि शाळा सुटली की संध्याकाळ आपली. परंतु अशा नोकरीचे करारपत्र बहुधा एकेका वर्षाचे असते. दुसरे-तिसरे वर्ष उलटले की शिक्षकाला रात्री झोप लागत नाही. जन्मभर हेच करायचे काय? मायदेशी परतलो तर ही वर्षे कोण मोजणार? आणि इथे येऊन जडलेले लेखनाचे, चित्रकलेचे, लोककथा जमविण्याचे छंद केवळ करमणूक म्हणून सोडून द्यायचे काय?

जपानचेच उदाहरण घेऊ. तेथे १९८७ सालापासून ‘जेट’ नावाची सरकारी योजना चालू आहे. परदेशी तरुण-तरुणींना शाळांतून सहायक भाषाशिक्षक म्हणून नेमतात. पदवी लागते, पण अध्यापनाचा परवाना सक्तीचा नाही. जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभे राहायचे, उच्चार करून दाखवायचे, मुलांना बोलते करायचे, हे काम. करार वर्षाचा, आणि नूतनीकरण होत गेले तरी सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षे. काम कितीही चांगले असो, त्यानंतर योजनेतून बाहेर पडावेच लागते. म्हणजे पुढचा विचार ही चैन नव्हे, गरज आहे.

एका शिक्षकाची वाट

हा प्रश्न आजचा नाही. लाफ्कादिओ हर्न या गृहस्थांचे चरित्र या बाबतीत वाचण्यासारखे आहे. जन्म १८५० चा, ग्रीसच्या लेफ्कादा बेटावर. आई ग्रीक, वडील आयरिश. सोळाव्या वर्षी डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी खिशात फारसे काही नसताना ते अमेरिकेला गेले आणि सिनसिनाटी शहरात बातमीदार झाले. १८७४ साली त्यांनी अलिथिया फोली या गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न केले. त्या राज्यात असा विवाह तेव्हा कायद्याने मना होता. परिणामी वर्तमानपत्रातील नोकरी गेली. तो संसारही पुढे टिकला नाही. माणसाची जात-वर्ण पाहून पोटावर पाय देण्याची रीत कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१८९० साली हर्न लेखनाच्या कामासाठी जपानला पोहोचले. प्रकाशकाशी बिनसले, काम सुटले. मग ओळखीतून मात्सुए या गावी इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळाली. पगार महिना शंभर येन. वयाच्या चाळिशीत ते शिक्षक झाले ते असे, पोटासाठी. पुढच्याच वर्षी कुमामोतोच्या शाळेत दोनशे येनांवर बोलावणे आले, तिकडे गेले. मात्सुएचा हिवाळा त्यांना सोसवत नव्हता, हेही एक कारण.

घरातील भागीदार

मात्सुएत त्यांची गाठ कोइझुमी सेत्सू यांच्याशी पडली. सेत्सू सामुराई घराण्यातल्या. राज्यव्यवस्था बदलली आणि अशा घराण्यांचे उत्पन्न गेले. अकराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि हाताला विणकाम आले. हर्न यांना जपानी नीट येत नव्हते, सेत्सूंना इंग्रजी येत नव्हते. दोघांनी मोडक्या-तोडक्या जपानीची आपली घरगुती बोली तयार केली.

सेत्सू जुन्या पुस्तकांतून, गावातल्या माणसांकडून भुताखेतांच्या आणि लोकजीवनाच्या गोष्टी गोळा करीत आणि रात्री नवऱ्याला सांगत. पुस्तक हातात धरून वाचू नका, तुमच्या स्वतःच्या शब्दांत सांगा, असा हर्न यांचा आग्रह असे. त्यातून १९०४ चे ‘क्वायदान’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक उभे राहिले. जपानवर त्यांनी दहाहून अधिक पुस्तके लिहिली. मुखपृष्ठावर नाव एकाचेच, पण त्यामागे शाळा सुटलेल्या एका स्त्रीचे भांडवल होते. आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे आणि आमच्या बंधूंनीही.

उडी आणि आधार

१८९४ साली हर्न यांनी शाळा सोडली आणि कोबे शहरी वर्तमानपत्रात लागले. मन रमले असते, पण उरलेल्या एका डोळ्यावर ताण पडला आणि काही महिन्यांतच ते काम सोडावे लागले. १८९६ साली त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. कोइझुमी याकुमो हे नवे नाव घेतले. आपल्या मागे बायको-मुलांचा हक्क राहावा, ही त्यामागची मोठी काळजी होती. त्याच वर्षी टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविण्याची जागा मिळाली. ती सात वर्षे टिकली. १९०३ साली विद्यापीठाने करार पुढे चालविला नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षी घरात चौथे अपत्य जन्मले होते. पुढल्या वर्षी वासेदा येथे काम मिळाले, पण २६ सप्टेंबर १९०४ रोजी हर्न वारले.

त्यांच्या जागी जे शिकवू लागले ते नात्सुमे सोसेकी. तेही मूळचे इंग्रजीचे शिक्षक, लंडनला राहून आलेले. १९०७ साली त्यांनी विद्यापीठ सोडले आणि ‘आसाही’ वर्तमानपत्रात लेखक म्हणून रुजू झाले. पण ही उडी आंधळी नव्हती. ‘मी एक मांजर’ या कादंबरीने आधीच नाव झाले होते आणि वर्तमानपत्राकडून नियमित वेतन ठरले होते.

दोघांच्या जमाखर्चात आम्हाला एकच गोष्ट दिसते. नवा व्यवसाय छंदातूनच आला, पण तो छंद नोकरी चालू असतानाच वाढविला होता. पगाराने घर चालले, संध्याकाळच्या कामाने पुढची वाट तयार केली. नोकरी गेल्यावर छंद शोधायला बसलेला माणूस ना इकडचा, ना तिकडचा.

आजचा हिशेब

आजच्या शिक्षकाने पहिल्या वर्षीच वही घालावी. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आमचा सल्ला साधाच असणार.

पहिली गोष्ट, त्या देशाची भाषा. जपानी भाषेची जागतिक परीक्षा १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवी सर्वांत सोपी, पहिली सर्वांत अवघड. आपल्या पुण्यातही तिचे केंद्र आहे. भाषांतर, कचेरीतील काम, पर्यटन या वाटा भाषेशिवाय उघडत नाहीत.

दुसरी, शिक्षणाचीच वाट धरायची असेल तर कागद हवा. विद्यापीठात शिकवायचे तर बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात. ‘सेल्टा’सारखे सुमारे १२० तासांचे प्रमाणपत्र अनेक देशांतील खासगी वर्गांत उपयोगी पडते.

तिसरी, परवाना. शाळेतील शिक्षकाचा आणि खासगी भाषावर्गातील शिक्षकाचा निवास-परवाना जपानमध्ये वेगळा असतो. छंदातून पैसे मिळवायचे तर आधी परवानगी काढावी. अज्ञानाने केलेले जोडकाम महाग पडते.

चौथी, निवृत्तिवेतनाची वर्गणी. किमान सहा महिने वर्गणी भरलेला परदेशी माणूस जपान सोडल्यावर ठरावीक रक्कम परत मागू शकतो. पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. हा पैसा नव्या व्यवसायाचे पहिले भांडवल होऊ शकतो.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. हा विचार एकट्याने करू नये. जोडीदाराला, आई-वडिलांना करार कधी संपतो, शिल्लक किती, मन कशात रमते, हे स्पष्ट सांगावे. सेत्सूंच्या गोष्टी ऐकायला हर्न रोज बसले, म्हणून पुस्तके झाली. २०२५ साली जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सेत्सूंच्या जीवनावर बेतलेली दैनंदिन मालिका सुरू केली. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, त्या बाईंच्या श्रमाची नोंद घराघरांत पोहोचली.

ज्यांची मुले-मुली परदेशी शिकवायला गेली आहेत, त्यांनी पुढच्या पत्रात किंवा फोनवर पगाराबरोबर आणखी एक गोष्ट जरूर विचारावी : बाळा, शाळा सुटल्यावर तू काय करतोस, काय करतेस? पुढची भाकरी बहुधा त्याच उत्तरात असते.