फेरबदल केलेल्या बुलेटचे वायरिंग : बिघाड शोधावा कसा, नवे ओढावे कसे

पावसाळ्याचे पहिले दोनतीन आठवडे उलटले की गोव्यातील दुचाकींच्या गॅरेजांत एका विशिष्ट तक्रारीची वर्दळ सुरू होते. इंजिन उत्तम आहे, बॅटरी गेल्याच वर्षी बदललेली आहे. परंतु हॉर्न वाजवला की दिवा मंदावतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की क्षणभर सारेच बंद पडून पुन्हा सुरू होते. ही तक्रार बहुधा मालकाने हौसेने पैसा खर्च केलेल्या बुलेटची असते. उंच हँडल, एलईडी दिवे, दोन हॉर्न, मोबाइलचा चार्जर आणि कधी धुक्यासाठीचे जादा दिवेही. चोर्ला किंवा अनमोड घाटात, रात्री, पाऊस कोसळत असताना वळणावरच असा दिवा विझला तर त्याला गैरसोय म्हणता येत नाही. पुढे दुचाकी आहे हे मागच्या ट्रकचालकाला कळण्याचे साधनही त्याच तारांवर अवलंबून असते.

अशा वेळी प्रचलित उपाय म्हणजे एकेक भाग बदलत जाणे. प्रथम बल्ब, मग बॅटरी, मग रेग्युलेटर, शेवटी इग्निशन कॉइल. काही हजार रुपये खर्च होतात आणि दोष पुढच्या पावसात परत येतो. कारण हे भाग बहुतेक वेळा निर्दोष असतात. वीज त्यांच्यापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचत नसते. वाट अडते ती जोडांत, स्विचांत, फ्यूजच्या होल्डरमध्ये आणि सर्वांत जास्त अर्थिंगमध्ये.

बुलेटचे मूळ वायरिंग अगदी साधे होते. मद्रासला १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि भारतीय सैन्यासाठी ३५० सीसीची बुलेट येथे बांधली जाऊ लागली. तेव्हापासूनची कित्येक दशके या गाडीवर विजेचा भार म्हणजे पुढचा दिवा, मागचा दिवा, हॉर्न आणि इंजिनाची ठिणगी, एवढाच. आरंभीच्या गाड्या सहा व्होल्टच्या, नंतरच्या बारा व्होल्टच्या. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींना वीजसाहित्य पुरविणाऱ्या ल्युकस कंपनीच्या संस्थापकाला तेथील चालक गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत असत. तेव्हा दिवा विझण्याचा वारसा काही आपल्याच रस्त्यांचा नव्हे. तरीही ती यंत्रणा समजण्याजोगी होती. आज त्याच तारांवर दुप्पट भार लादला जातो आणि प्रत्येक नवा भाग जुन्या तारेची साल खरवडून, पीळ देऊन, टेप गुंडाळून जोडला जातो. मूळ गाडीत नसलेले असे दहाबारा जोड हीच पुढच्या बिघाडांची बीजे होत.

आकडेमोड केली तर प्रकरण स्पष्ट होते. पुढच्या दिव्याच्या हॅलोजन बल्बचा भार साठ वॅट, म्हणजे बारा व्होल्टला सुमारे पाच अँपिअर. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून तीन मीटर तार धरली तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. यात गंजलेल्या दोनतीन जोडांचा आणि झिजलेल्या स्विचचा रोध मिळवला की एक ते दीड व्होल्ट सहज नाहीसा होतो. हॅलोजन बल्बचा प्रकाश मात्र दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने घटतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. ‘कंपनीचा दिवाच मंद’ म्हणून अधिक वॅटचा बल्ब बसवणारा त्याच बारीक तारेतून अधिक प्रवाह खेचतो. तार तापते, होल्डरचे प्लास्टिक वितळते आणि उजेड फारसा वाढत नाही.

किनारपट्टीच्या हवेने या दुखण्याला आणखी एक पदर दिला आहे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि बाकीचे महिने खारा वारा, यांत उघडे तांबे टिकत नाही. पीळ दिलेल्या जोडात ओलावा शिरतो आणि तारेच्या बारीक केसांमधून, दिव्यात तेल चढावे तसा, आवरणाखाली आत सरकत जातो. वरून तार नवी दिसते. साल काढली की आत काळसर किंवा हिरवट पूड आढळते. अशी काळवंडलेली तार नव्या टोकालाही नीट जोडली जात नाही. ती चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापावी लागते, आणि तसे तांबे लागतच नसेल तर ती तार टाकून द्यावी.

अर्थिंगचा विसर तर सर्वांनाच पडतो. आजच्या बुलेटमध्ये बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि पुष्कळशा भागांचा परतीचा प्रवाह सांगाड्यातूनच वाहतो. गाडी सजवताना सांगाड्याला पावडर कोटिंग केले जाते. दिसायला ते सुंदर असते, पण विजेच्या दृष्टीने तो प्लास्टिकचा थर होय. बोल्टखालचा रंग खरवडला नाही तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तो यामुळेच. ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह इंडिकेटरच्या बल्बमधून घरी परतू पाहतो. असे चमत्कारिक, एकमेकांत गुंतलेले लक्षण दिसले की प्रथम अर्थिंग तपासावे.

तपासणीसाठी पाचसहाशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असावा. इंजिन मध्यम वेगात असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे. वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे किंवा त्याचे अर्थिंग सुटले आहे, आणि त्यात बॅटरीचे पाणी आटते. इथवर बहुतेक मिस्त्री करतात. पुढची पायरी मात्र क्वचित पाळली जाते.

ती अशी. तार तपासताना मल्टिमीटरची शिट्टी वाजली म्हणून तार चांगली, असा समज आहे. तो समज फसवा आहे. तारेतले तीस केस तुटून एकच उरला तरी शिट्टी वाजते, कारण त्या चाचणीत प्रवाह नगण्य असतो. पाच अँपिअर वाहू लागताच तो एकटा केस हात टेकतो. म्हणून तपासणी भाराखाली करावी. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे बल्बच्या धन पिनेवर टेकवावे. मीटर दाखवील तेवढे व्होल्ट वाटेत हरवले आहेत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून अधिक असेल तर दुसरे टोक बॅटरीच्या दिशेने एकेका जोडावर आणत जावे. जेथे आकडा एकदम खाली येतो, तेथे त्या दोन टेकूंच्या मध्ये दोषी जोड सापडतो. हेच ऋण बाजूलाही करावे. दहा मिनिटांच्या या कामाने जेवढे उलगडते, तेवढे दिवसभर भाग बदलून उलगडत नाही.

मध्येच येणाऱ्या आणि मध्येच जाणाऱ्या दोषांसाठी इंजिन चालू ठेवून हँडल सावकाश दोन्ही टोकांना वळवावे. हँडलच्या मानेपाशी तारांचा जुडगा हजारो वेळा वाकतो आणि आवरण शाबूत राहून आतले तांबे तुटते. उंच हँडल बसवून जुन्याच तारा ताणून घेतलेल्या गाड्यांत हे हटकून घडते. जुन्या बुलेटमध्ये आणखी एक जागा पाहावी, ती पुढच्या दिव्याच्या वर बसवलेल्या ॲमीटरची. बॅटरीकडून इग्निशनच्या चावीकडे जाणारा प्रवाह त्याच्यातून जातो. मागची नट सैल झाली की चालती गाडी एकाएकी निर्जीव होते, आणि बिचारी बॅटरी दोषी ठरते.

रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर चावी बंद करून ऋण तार सोडवावी आणि मधे मीटर अँपिअरवर लावावा. पन्नास मिलिअँपिअरची गळतीसुद्धा नऊ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण आठवड्यात रिकामी करते. चावीला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला चार्जर किंवा जीपीएस हे तिचे नेहमीचे कारण.

जोडच जोड झालेल्या गाडीत मात्र शोधत बसण्यापेक्षा वायरिंग नव्याने ओढणे शहाणपणाचे असते. ते काम कागदावर सुरू होते. प्रत्येक भागाचा भार लिहावा, त्याची वाट काढावी, रंग ठरवावा. याच टप्प्यावर काय ठेवायचे आणि काय काढायचे तेही ठरते. अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांना मान्य नाहीत. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात बसवलेला एलईडी बल्ब प्रकाश विस्कटून समोरच्याचे डोळे दिपवतो. दोन्ही आधीच वगळलेले बरे. एलईडी इंडिकेटर ठेवायचे असतील तर त्यांच्यासाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. जुना फ्लॅशर एवढ्या कमी प्रवाहावर नीट लुकलुकत नाही.

पुढच्या दिव्यासाठी आणि हॉर्नसाठी रिले वापरावा. त्याच्या ३० क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीची फ्यूजमधून आलेली जाड तार, ८७ वर दिवा, ८६ वर हँडलच्या स्विचची तार आणि ८५ वर अर्थ. मग स्विचमधून नाममात्र प्रवाह जातो, आणि दिव्याची वाट आखूड व जाड होते. त्या वाटेवर दीड चौरस मिलिमीटरची तार पुरेशी आहे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. फ्यूज संरक्षण करतो तारेचे. तारेला सोसवेल त्यापेक्षा मोठा फ्यूज घातला तर आधी तार जळते. सेल्फ स्टार्टची बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये शंभराहून अधिक अँपिअर ओतू शकते, आणि बुलेटचा मुख्य जुडगा पेट्रोलच्या टाकीखालून जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवण्याच्या सवयीचे गांभीर्य कळावे.

जोड डाखावे की दाबावे, याविषयी मतभेद आहेत. एका सिलिंडरच्या या गाडीच्या थरथराटात डाख दिलेला भाग ताठ होतो आणि डाख संपतो तेथेच तार तुटते. म्हणून योग्य पकडीने दाबलेली टोके आणि त्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी हेच येथे अधिक टिकाऊ. काळी टेप उन्हाने चिकट होऊन सुटते. टोकांवर थोडे व्हॅसलीन लावले तर खारा ओलावा दूर राहतो. मानेपाशी तारा सैल सोडाव्यात. इंजिनाला आणि सायलेन्सरला त्या टेकू देऊ नयेत.

काम झाल्यावर बॅटरी थेट जोडू नये. पहिल्यांदा मुख्य फ्यूजच्या जागी एकवीस वॅटचा बल्ब लावावा. सर्व स्विच बंद असताना तो झगझगीत पेटला तर कुठेतरी तार सांगाड्याला टेकली आहे; फ्यूज न जळता आणि धूर न होता दोष कळतो. तो विझलेला राहिला की एकेक स्विच लावून पाहावा आणि मग खरा फ्यूज बसवावा. दिव्याची भाराखालची मोजणी पुन्हा करून तो आकडा वायरिंगच्या नकाशावर लिहावा, आणि नकाशाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवावी. पुढच्या वेळी गाडी हाती घेणारा मिस्त्री कदाचित दुसराच असेल.