ऋतुसंधीचे आरोग्य आणि परसातील वनौषधी

पाऊस ओसरतो, आकाश निरभ्र होते, भाताची शेते पिवळसर दिसू लागतात आणि सृष्टी प्रसन्न भासते. परंतु नेमक्या याच दिवसांत घरोघरी तापाची, खोकल्याची आणि पित्ताची तक्रार सुरू होते. शरद ऋतू ही वैद्यांची माताच होय, असे जुन्या वैद्यांनी काहीशा विनोदाने म्हटले, ते या अनुभवावरूनच. या काळात आहारविहार सांभाळणे आणि घरच्या वनौषधींचा जाणतेपणाने उपयोग करणे, हा आरोग्यरक्षणाचा सोपा व अल्पखर्चाचा मार्ग आहे. मात्र त्याच्या मर्यादाही प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावयास हव्यात.

ऊन दुसऱ्यांदा येते

महाराष्ट्रात उन्हाळा आणि शरद यांच्यामध्ये चार महिन्यांचा पावसाळा येतो. त्यामुळे शरीराला वर्षातून दोनदा उन्हाला तोंड द्यावे लागते. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. ढगांचे आवरण दूर होते, जमीन मात्र ओलीच असते. प्रखर ऊन आणि हवेतील दमटपणा एकत्र आल्याने घाम वाळत नाही व जीव कासावीस होतो. ऑगस्टमध्ये तीस अंशांच्या आसपास असलेले मुंबईचे सरासरी कमाल तापमान ऑक्टोबरमध्ये सुमारे ३३ अंशांवर जाते.

आयुर्वेदाने या अवस्थेची मीमांसा पित्ताच्या परिभाषेत केली आहे. वर्षा ऋतूत शरीरात पित्ताचा संचय होतो आणि शरदातील उन्हाने त्याचा प्रकोप होतो, असे चरकसंहितेत व अष्टांगहृदयात सांगितले आहे. छातीत जळजळ, आंबट ढेकर, अंगावर गांधी उठणे, डोळ्यांची आग, घामोळे या तक्रारींचा संबंध त्याच्याशी जोडला जातो.

सवयींचा सावकाश बदल

संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना अष्टांगहृदयात ऋतुसंधी म्हटले आहे. या काळात जुना आहारविहार एकदम न सोडता क्रमाक्रमाने सोडावा आणि नवा क्रमाक्रमाने स्वीकारावा, असा तेथील उपदेश आहे. पावसाळ्यात अंगवळणी पडलेले सुंठ-मिऱ्याचे चहा, लसणाच्या चटण्या आणि तळलेले पदार्थ हळूहळू कमी करावेत, हा त्याचा आजचा अर्थ होय.

शरदात मधुर, कडू आणि तुरट रसांचे पदार्थ हितकर मानले आहेत. जुना तांदूळ, मूग, पडवळ, दुधी, कारले, आवळा, साजूक तूप व खडीसाखर यांचा त्यात समावेश होतो. दही, अतितेलकट पदार्थ, दुपारची झोप आणि भर उन्हातील हिंडणे वर्ज्य सांगितले आहे. नवरात्रातील उपवास याच दिवसांत येतात. साबुदाणा, शेंगदाणे आणि तळलेले बटाटे यांवर नऊ दिवस काढल्यास पित्त वाढण्याचाच संभव अधिक. त्याऐवजी वरीचा भात, राजगिरा, दूध व फळे घेतल्यास उपवास पोटाला मानवतो.

घरातील औषधे

पित्तासाठी सर्वांत सुलभ उपाय म्हणजे धन्याचे पाणी. एक चमचा धने जाडसर कुटून सहा चमचे पाण्यात रात्रभर झाकून ठेवावेत आणि सकाळी गाळून, थोडी खडीसाखर घालून प्यावेत. न उकळता केलेल्या अशा औषधाला आयुर्वेदात हिम म्हणतात. एक भाग औषधाला सहा भाग पाणी, हे त्याचे शास्त्रोक्त प्रमाण आहे. तहान आणि अंगाचा दाह यांवर ते वापरले जाते. पिण्याच्या माठात वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी टाकण्याची पद्धतही अशीच सुखकर आहे. मात्र पाणी आधी उकळून थंड केलेले असावे.

कोकणात आमसुलाचे सार आणि कोकमाचे सरबत उष्म्यावर पिढ्यान् पिढ्या घेतले जाते. घामावाटे गेलेले पाणी व क्षार मीठ घातलेल्या सरबताने काही अंशी भरून निघतात. अंगावर गांधी उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याचीही तेथे चाल आहे. परंतु गांधी उठून ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आवळ्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. शरद सरताना ताजे आवळे बाजारात येतात. तोवर मोरावळा किंवा आवळ्याचे चूर्ण उपयोगी पडते. मलावरोधावर हिरडा प्रसिद्ध आहे. भावप्रकाशात प्रत्येक ऋतूत हिरडा कशाबरोबर घ्यावा हे सांगितले असून शरदासाठी साखर सांगितली आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातील आदिवासी कुटुंबांना बाळहिरड्याच्या संकलनातून रोजगारही मिळतो. गर्भवतींनी मात्र हिरडा घेऊ नये.

रात्री गारवा आणि दिवसा ऊन यामुळे घसा धरतो. त्यावर अडुळशाची पाने, तुळस आणि ज्येष्ठमध यांचा काढा घेतला जातो. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध तयार झाले. परसातील झाडात खरे सामर्थ्य असते, याचा हा पुरावा होय.

ओळख, मात्रा आणि सावधगिरी

ज्या द्रव्यात गुण असतो, त्यात अपाय करण्याची शक्तीही असू शकते. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज म्हणूनच घातक ठरतो. अडुळशाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. गर्भवतींनी तो टाळावा. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. एक वर्षाखालील बालकाला मध कदापि चाटवू नये.

गुळवेलीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. कोविडच्या साथीत तिचे काढे घरोघरी उकळू लागले. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदविले. केंद्रीय आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही. तथापि, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी तिची गल्लत होऊ नये, असा इशारा मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि ते कापल्यास दुधासारखा चीक येतो. यकृताचा विकार असलेल्यांनी, तसेच मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून गुळवेल घेऊ नये. तात्पर्य, वनस्पती निश्चित ओळखीची असावी, मात्रा अल्प असावी आणि चालू औषधांची माहिती वैद्यांना दिलेली असावी.

ताप आल्यास काढा नव्हे, तपासणी

घरगुती उपचारांची सीमा तापापाशी येऊन थांबते. साचलेल्या पाण्यामुळे मलेरिया व डेंग्यू या दिवसांत फैलावतात. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले होते. आरंभी हे सर्व ताप सारखेच दिसतात, उपचार मात्र निरनिराळे आहेत आणि निदान रक्ततपासणीनेच होते. काढ्यावर भिस्त ठेवून घालविलेले दोन-तीन दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

डेंग्यूत तर ताप उतरू लागतो, तेव्हाच खरा धोका संभवतो. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, अस्वस्थता किंवा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. पपईच्या पानांचा रस घेतला म्हणून रक्ततपासणी टाळू नये. घराभोवतीच्या करवंट्या, टायर व कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करणे, हे कोणत्याही काढ्याइतकेच मोलाचे आहे.

२०१६ पासून धनत्रयोदशीला साजरा होणारा राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबरला पाळला जातो. दिवस आणि रात्र जवळपास समान होण्याचा, ऋतू पालटण्याचा हा काळ होय. त्या निमित्ताने परसात तुळस, अडुळसा आणि कोरफड लावावी, त्यांची नीट ओळख मुलांना करून द्यावी आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणीची सोय कोणत्या वेळी असते, याचीही चौकशी करून ठेवावी. परसातील वनस्पती आणि गावातील आरोग्य केंद्र ही दोन्ही आरोग्याची साधने आहेत. कोणत्या वेळी कोणाकडे वळावे हे उमगले, म्हणजे शरदाचे चांदणे घरादाराला निश्चिंतपणे अनुभवता येईल.