थांबावे कुठे, हे कळणारा चार्जर

गेल्या स्नेहसंमेलनात वक्तृत्व स्पर्धा ऐन रंगात आली असताना हातातला बिनतारी माइक एकाएकी मुका झाला. त्यातले दोन पेन्सिल सेल आम्ही आदल्या रात्रभर चार्ज केले होते. ते अर्ध्या तासातच संपले. "सेलच टाकाऊ," असे म्हणून आम्ही ते फेकायला निघालो, तेव्हा ध्वनिक्षेपक लावणारे काका हसले. म्हणाले, "सेल नाही बिघडले पोरहो, तुमच्या चार्जरनं मारलं त्याईले." कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे कोडेच वाटले. त्याची उकल करताना जे समजले, ते माझ्यासारख्याच विज्ञानापासून दूर राहिलेल्या वाचकांसाठी येथे मांडीत आहे.

प्रथम सेलाविषयी. साधा जस्ताचा किंवा अल्कलाइन सेल एकदाच वापरण्यासाठी असतो. तो चार्जरमध्ये घातल्यास आत वायू साठून गळण्याची, प्रसंगी फुटण्याची भीती असते. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलावर तसे स्पष्ट छापलेले असते. त्यातला जुना प्रकार निकेल-कॅडमियम. स्वीडनच्या वाल्देमार युंगनर यांनी तो १८९९ मध्ये तयार केला. कॅडमियम विषारी असल्यामुळे आता घरगुती वापरात त्याची जागा बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइडने घेतली आहे. हा सेल १.२ व्होल्टचा असतो आणि नीट वापरल्यास शेकडो वेळा भरता येतो.

सेलावर '२००० एमएएच' असा आकडा असतो. ते त्याच्या रांजणाचे माप समजावे: २०० मिलिअँपिअरचा प्रवाह दहा तास पुरेल एवढी त्याची साठवण. मग २०० मिलिअँपिअर देणाऱ्या चार्जरने तो दहा तासांत भरेल काय? नाही. काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून आलेल्या तासांना सुमारे १.४ ने गुणावे. उत्तर येते चौदा तास. चार्जर किती प्रवाह देतो हे त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. विकत घेताना ते आधी वाचावे.

रांजण भरला की पाणी सांडताना दिसते. सेल भरल्यावर येणारी वीज मात्र दिसत नाही. ती आतल्या आत उष्णता होते आणि सेलाचे आयुष्य खाते. म्हणून चार्जरची खरी परीक्षा तो किती लवकर भरतो यात नसून कुठे थांबतो यात आहे. या दृष्टीने चार्जर तीन प्रकारचे. पहिला थांबतच नाही. घड्याळ पाहून आपणच तो काढायचा. दुसरा ठरावीक तासांनी बंद होतो. तिसरा सेलावरच लक्ष ठेवतो: सेल भरताच त्याचा दाब काही सहस्रांश व्होल्टने किंचित उतरतो व तापमान झपाट्याने चढते; ही खूण ओळखून चार्जर प्रवाह तोडतो.

दुसऱ्या प्रकारात एक मेख आहे. आपल्या जिल्ह्यात वीज जाणे-येणे नवे नाही. बारा तास झाल्यावर वीज गेली आणि परत आली, की असे अनेक चार्जर पुन्हा पहिल्यापासून तास मोजू लागतात. भरलेला सेल आणखी एक रात्र तापत राहतो. आमच्या सेलांचे वर्षभर हेच झाले होते!

दुसरी चूक जोडीची. स्वस्त चार्जर दोन सेल एकत्रच भरतात. एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला, तर एका जुवाला ताजा आणि थकलेला बैल जुंपल्यासारखे होते: एकाला जास्त, दुसऱ्याला कमी. म्हणून प्रत्येक सेलासाठी स्वतंत्र दिवा असलेला, आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. थोडे पैसे जास्त पडतात, पण सेलांच्या रूपाने ते परत मिळतात. तो नसेल, तर सेलांवर पेनाने खुणा करून जोड्या कायम ठेवाव्यात. आकार सारखा दिसला, तरी ३.७ व्होल्टचा लिथियम सेल या चार्जरमध्ये कदापि घालू नये.

वर्ध्याचा उन्हाळा हाही विचारात घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि इतक्या उष्णतेत सेल नीट भरत नाही. टिनाच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीत चार्जर लावू नये; रात्री उशिरा किंवा पहाटे, गार फरशीवर, मोकळ्या हवेत लावावा. सेल पूर्ण रिकामा करूनच भरावा, हा समज निकेल-मेटल हायड्राइडला लागू नाही. उलट अगदी निपटून काढल्याने तो बिघडतो. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधा सेलच परवडतो, कारण त्याला वीज फार थोडी लागते.

शेवटी एक विचार. याच वर्ध्यात, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगाचे काम केले. खनिजांचे साठे मर्यादित आहेत, ते संपणारे आहेत, हे त्यांनी कळकळीने मांडले. पेन्सिल सेलात भरलेले धातू याच साठ्यातले. सेल खरोखर निकामी झालाच, तर २०२२ च्या नियमांनुसार तो घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळा जमा करावा. पण चांगल्या सेलाला आपल्या आळसापायी कचरा ठरवू नये. काकांनी सांगितले नसते, तर आम्ही तेच केले असते.