जितकं निरोगी, तितकं धोक्याचं

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत एक गोष्ट उफराटी आहे. व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्ताशय काढून टाकतात आणि उरलेलं स्वादुपिंड आतड्याला टाके घालून जोडतात. आजाराने कडक झालेली ग्रंथी हे टाके घट्ट धरून ठेवते. निरोगी ग्रंथी मात्र इतकी मऊ, की लोण्यातच टाका घालतोय असं वाटावं! शिवाय गाठीमुळे तुंबलेली स्वादुपिंडाची नळी फुगून रुंद होते, ती जोडायला सोपी. निरोगी नळी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची.

जोड गळला तर बाहेर पडतो तो पाचकरस. प्रथिनं आणि चरबी पचवणं हेच त्याचं काम, मग समोर जेवण असो की आपलीच रक्तवाहिनी. ती पोखरली गेली की काही दिवसांनी अचानक भयंकर रक्तस्राव होऊ शकतो.

गळतीचा हा धोका आधी ओळखता येईल? 2013 साली अमेरिकी शल्यविशारदांनी दहा गुणांचं एक कोष्टक मांडलं. मऊ ग्रंथीला 2, मूळ आजार कर्करोग किंवा जुनी सूज सोडून दुसराच काही असेल तर 1, अरुंद नळीला जास्तीत जास्त 4, शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावाला जास्तीत जास्त 3. सात किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे मोठा धोका. गंमत म्हणजे यातली ‘मऊ’ ही नोंद कुठलं यंत्र करत नाही, ती ठरते सर्जनच्या बोटांवर.

शस्त्रक्रियेनंतर बोलतो तो ड्रेन, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढणारी नळी. तिसऱ्या दिवशी किंवा पुढे त्यातल्या पाण्यात अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त निघालं, तर गळती आहे हे नक्की. पण नुसत्या आकड्याला आता फिस्टुला, म्हणजे खरी गुंतागुंत ठरणारी गळती, म्हणत नाहीत. त्यापायी उपचार बदलावे लागले, तरच.

मला थक्क करतो तो नेदरलँड्सचा प्रयोग. 17 रुग्णालयं, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेले 1748 रुग्ण. रोज ताप, रक्ततपासणी आणि ड्रेन पाहून सीटी स्कॅन कधी, अँटिबायोटिक कधी, पू किंवा रस बाहेर काढायचा कधी, हे ठरलेल्या नियमांनी सुचवलं जाई. रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही ओढवलेल्यांचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 वर आलं. 90 दिवसांतले मृत्यू 5 टक्क्यांवरून 3 वर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. सीटी आणि अँटिबायोटिक त्या रुग्णालयांत आधीपासून होतीच.