अवर्षणप्रवण तालुक्यांतील अतिवृष्टी, वीजपुरवठ्यातील खंड व कुटुंबाची पूर्वतयारी : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. टंचाईला कसे तोंड द्यावे याचे शिक्षण येथील कुटुंबास पिढ्यान्पिढ्या मिळालेले आहे. कडबा किती साठवावा, हौद केव्हा भरावा, हे कोणास सांगावे लागत नाही. अतिवृष्टीविषयी मात्र असे संचित ज्ञान घराघरांत आढळत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा कौटुंबिक पातळीवर विचार केला आहे.

आपत्तीचे स्वरूप

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर परिसरात झालेल्या मुसळधार पावसामुळे नाझरे धरणातून कऱ्हा नदीत मोठा विसर्ग झाला व बारामतीतील नदीकाठच्या हजारो लोकांना स्थलांतर करावे लागले. हा पूर मुख्यतः वरच्या खोऱ्यातून आला होता. म्हणजेच, आपल्या अंगणावरचे आकाश निरभ्र असणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे; कऱ्हाकाठच्या कुटुंबाने जेजुरीकडील पावसाची आणि धरणाच्या विसर्गाची बातमी ठेवली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने इंदापूर परिसरात अतिवृष्टी झाली. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. मे २०२५ च्या अखेरीस झालेल्या पावसात बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला.

नीरा-भीमेचे पूर जुलै-ऑगस्टमध्येही येतात. तथापि वरील चारही घटना त्या काळाबाहेरच्या आहेत. मृग नक्षत्राकडे डोळे लावून जूनमध्ये तयारी आरंभण्याची आपली रीत त्यामुळे अपुरी ठरते. तयारी एप्रिलअखेर पूर्ण व्हावी.

वीज गेल्यानंतर

वीज गेली म्हणजे अंधार होतो, हा समज अर्धवट आहे. वाड्यावस्त्यांवर प्रथम खंडित होते ते पाणी, कारण विहीर, बोअरवेल व वरची टाकी यांना जोडणारी मोटार विजेवर चालते. इशारा मिळताच टाकी भरून घेणे हे मेणबत्तीहून महत्त्वाचे आहे. ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत त्यांना जनावरांच्या पाण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

इन्व्हर्टरविषयीही अवास्तव अपेक्षा आढळते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास ऊर्जा असते. प्रत्यक्षात सुमारे १००० हाती येते. दोन पंखे व तीन दिवे यांचा भार १८० वॅट धरल्यास ती साडेपाच तास पुरते. पंखे बंद ठेवून दिवे व मोबाईल यांपुरतीच ती राखल्यास सबंध रात्र निघते. छतावरील सौर संचाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. बॅटरी नसलेला, वीजवाहिनीशी जोडलेला संच पुरवठा खंडित होताच आपोआप थांबतो. खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये म्हणून त्याची रचनाच तशी असते. ऊन असूनही घरात वीज का नाही, असा प्रश्न मग पडतो. याच कारणास्तव जनित्र कधीही चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नये. तसेच ते घरात वा बंद पडवीत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बंद ठेवलेल्या फ्रिजमधील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. घरात इन्सुलिन घेणारी व्यक्ती असल्यास पर्यायी व्यवस्था आधीच ठरवावी. ओल्या कापडात गुंडाळलेले लहान मडके तात्पुरते उपयोगी पडते, मात्र कुपी पाण्यात बुडू देऊ नये.

जीवितास धोका

उसाच्या फडात वा बांधावर तुटून पडलेली तार मृत समजू नये. ओल्या जमिनीतून प्रवाह पसरतो, म्हणून किमान दहा मीटर दूर राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून झाडाखालून, पाण्यातून व मोटारीच्या पेटीपासून त्वरित दूर व्हावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप याविषयी पूर्वसूचना देते. परंतु ते बहुधा महाविद्यालयात येणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये असते आणि शेतात असतात ते आईवडील. ही सूचना त्यांच्यापर्यंत कोणी, कशी पोहोचवावी, हे प्रत्येक घराने वळवाच्या आधी ठरवून ठेवावे.