माळवदाच्या घरात एसी बसवताना

मावशीच्या वाड्यात दोन उन्हाळे एकत्र नांदतात. जुन्या नांदेडातला वाडा: पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे माजघर, वर माळवद. एका अंगाचं माळवद उतरवून तिथं स्लॅब टाकला आणि थोरल्याच्या संसाराला खोली काढली. मे महिन्यात दुपारी तीनला माजघरातल्या शहाबादी फरशीवर अंग टाकलं की डोळा लागतो. स्लॅबच्या खोलीत रात्री अकरालाही भिंतीला हात लावून पाहा, तवाच. "एसी घ्यावा म्हणतोत, पण आपल्या घरात बसंल का रे?" असं मावशीनं विचारलं तेव्हा मी आधी एवढंच म्हणालो, की मावशी, एसी स्लॅबला लागतो, वाड्याला नाही.

माळवद काय करतं

खाली सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन या मातीत सकाळपासून मुरत राहतं, पण ते आतल्या अंगाला पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. मग माळवदातल्या सवण्यातून आणि झरोक्यातून रात्रीची हवा खेळते आणि दिवसाची ऊब निघून जाते. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंतीही हेच करतात. चार-पाच इंचांच्या स्लॅबकडे एवढी सवड कुठली? तो दुपारी तापतो आणि रात्रभर खाली शेक देतो. पत्र्याचं तर विचारूच नका.

थंड देशांतल्या जुन्या घरांतही एसी बसवताना पेच पडतो. तिथं गरम पाण्याचे रेडिएटर भिंतीला असतात, हवा वाहून नेणारे मार्ग घरात नसतात. मग भिंती फोडत बसण्यापेक्षा लोक एखाद-दुसऱ्या खोलीत स्प्लिट एसी टांगतात. आपल्यालाही तोच मार्ग बरा. अख्खा वाडा गार करण्याच्या नादी लागू नये. झोपायची एक खोली धरावी आणि तेवढीच नीट करावी.

कूलरनं भागतं का

मार्च ते मे आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर उत्तम चालतो. मोठा कूलर दीड-दोनशे वॅट खातो, म्हणजे एका युनिटमध्ये पाच-सहा तास निघतात. दीड टनाचा एसी तेवढं युनिट साधारण तासाभरात संपवतो. पण कूलर पाणी पितो, आणि पाणी पिणारी वस्तू लातूरकरांना परवडतेच असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. शिवाय जूनमध्ये आभाळ भरून आलं, हवा दमट झाली, की कूलर नुसता ओला वारा फेकतो.

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत फरकही आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच. नांदेड गोदाकाठी, बरंच खाली, आणि जास्त तापणारं. लातुरात गंजगोलाईच्या आसपासच्या जुन्या घरातल्या माणसानं माळवदाची खोली असेल तर एसीची घाई करू नये, असं माझं मत.

भिंतीला हात लावण्याआधी

इथं मात्र थांबून वाचा.

आपल्याकडच्या जुन्या भिंती बाहेरून दगडी दिसतात. प्रत्यक्षात आत-बाहेर दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींचे पदर सुटले, वरची माळवदं खाली आली आणि झोपेतली हजारो माणसं गेली. वर्षानुवर्षं माती टाकून माळवदाचं वजनही वाढलेलं असतं. ज्या भिंतीला पोट आलंय, जिच्या कोपऱ्याला उभी भेग आहे, तिला एसीसाठी हात लावू नये. आधी डागडुजी करावी, तीही जाणत्या इंजिनिअरला दाखवून.

मावशीकडे आलेल्या पोरानं माजघराच्या बाजूनं ड्रिल लावलं. वीतभर आत गेल्यावर दगड हलला, आणि भोकातून भुरभुर माती सुरू झाली, थांबेचना. खाली ढीग साचला. पोरगं म्हणालं, "काका, भिंत कुठंय ह्याच्यात? सगळी मातीच हाय की!" बरोबरच बोललं. ते भोक आम्ही चुना-विटांनी बुजवलं.

मग पाइप नेला खिडकीतून. जुन्या खिडकीच्या वरच्या झडपेची काच काढायची, तिथं प्लायवूडचा तुकडा बसवायचा आणि त्याला भोक पाडायचं. तांब्याच्या नळ्या, वायर, पाण्याची नळी सगळं त्यातून जातं, भिंतीला धक्का लागत नाही. भिंतीतूनच न्यायचं असेल तर कोपऱ्यापासून आणि तुळईच्या टेकूपासून लांब, गोल कोअर कटरनं, हातोडा-छिन्नीनं नव्हे. आणि बाहेरच्या अंगाला उतार ठेवून.

आतलं यंत्र दहा-बारा किलोचं असतं, पण मातीच्या भिंतीत स्क्रूचा गट्टू धरत नाही. लाकडी खांबाला किंवा चौकटीला जाड फळी पक्की करायची आणि यंत्र टांगायचा पत्रा त्या फळीवर ठोकायचा. लाकूड आधी टोचून बघा. वाळवीनं आतून पोखरलेला खांब वरून साजरा दिसतो.

वायर

जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरची वायर अजून सापडते. तिच्यावर एसी चालवणं म्हणजे सागाच्या घरात निखारा ठेवणं. मीटरपासून एसीपर्यंत वेगळी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिचा स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरीखुरी अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही निकामी होतो, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घालावं. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायलाही विसरू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथं स्टॅबिलायझर लागतोच.

किती टनाचा

पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करत, त्या काळचं हे माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक टनाचा एसी ओढून बाहेर टाकतो. दहा बाय बाराच्या माळवदी खोलीला एक टन पुरतो. तीच खोली वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आणि पश्चिमेच्या उन्हात असेल तर दीड घ्या. त्याआधी स्लॅबवर पांढरा थर द्या, खर्च थोडा आणि फरक हाताला कळतो. २०२० पासून विकले जाणारे स्टार असलेले एसी चालू करताना २४ अंशांवर येतात. जाड भिंतीच्या खोलीत पंखा लावून २६ वर ठेवलं तरी चालतं. मात्र पहिला तासभर काही फरक वाटत नाही, कारण तोवर एसी हवेबरोबर भिंतीही गार करत असतो. त्या तासात १८ वर नेऊन काही साधत नाही.

सवणं, झरोके, दाराच्या फटी एसी चालू असताना बंद हव्यात. कायमचे बुजवू नका. पावसाळ्यात माळवदाला वारा लागला नाही की ओल धरते. एसीची जाळी महिन्यातून दोनदा धुवा. माळवदातून झडणारी माती तिच्यावर साय धरल्यासारखी बसते.

बाहेरचा डबा आणि पाणी

बाहेरचा डबा चौकात ठेवू नये. चौक म्हणजे वाड्याचं नाक, आणि हा डबा दिवसभर त्यात गरम हवा सोडणार. माळवदावर किंवा जुन्या कठड्यावरही नको. तीस-चाळीस किलोचं थरथरतं वजन मातीला भेगा पाडतं. परसात, उत्तरेच्या सावलीत, जमिनीवर लोखंडी स्टँड करून ठेवा. तोंड भाऊबंदांच्या दाराकडे नको. वाटणीचं निवळलेलं भांडण एवढ्यावरून पुन्हा उभं राहतं.

राहिलं ठिबकणारं पाणी. नळी बाहेर काढून भिंतीच्या कडेला सोडून दिली, की पाणी बुडाशी मुरतं, आणि मातीची भिंत खालून खचते. वरून कुणाला कळत नाही. मावशीनं नळी परसातल्या बादलीत सोडलीय. मे महिन्यात हवा कोरडी असल्यानं बादलीचं बूडही भिजत नाही. जुलैत मात्र ती सकाळपर्यंत काठोकाठ भरते, आणि मावशी ते पाणी फरशी पुसायला घेते.