परिचारकाचा पाद : रुग्णालयातील सांघिक कार्याचे अडथळे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. हा भाग आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ केला, परीक्षेत त्यावर टिपणही लिहिले. व्यवसायात पडल्यावर मात्र आपली चर्चासत्रे होतात ती पहिल्या दोन पादांवर. उपस्थाता, म्हणजे आपला परिचारक, परिचारिका, काढे उकळणारा, स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, यांच्याविषयी आपण बोलतो ते बहुधा तक्रारीच्या सुरात. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, टिकली तर त्यांचे आपसात पटत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कोठेही पंचकर्म करणाऱ्या वैद्यांच्या बैठकीत बसावे, हेच ऐकू येते. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा थोडा विचार करावयाचा आहे. आमच्या मते पुष्कळदा दोष माणसांत नसतो. एकाने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच बांधलेली नसते.

विरेचनाचे उदाहरण घेऊ. सकाळी कफकाल सरल्यावर औषध दिले. दिवसपाळीच्या परिचारकाने सायंकाळपर्यंत १५ वेग मोजले, पण त्यात मलयुक्त असे पहिले ३ वेगही धरले. पाळी बदलली. रात्रपाळीच्या परिचारकाने पुढचे ९ वेग मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी विचारले, 'किती झाले?' समोर रात्रपाळीचा परिचारक उभा. तो म्हणाला, 'नऊ, साहेब.' त्याचे उत्तर खोटे नव्हते. परंतु शास्त्रानुसार विरेचनात आरंभीचे दोन-तीन मलयुक्त वेग सोडून मोजावयाचे असतात. म्हणजे खरा आकडा २१, मध्यम शुद्धीचा. वैद्यांपुढे आला तो ९, म्हणजे हीन शुद्धीच्या १० वेगांहूनही कमी. आता संसर्जन क्रम ७ दिवसांचा, ५ दिवसांचा की ३ दिवसांचा हे या शुद्धीवरच ठरते. ज्या रुग्णाला ५ दिवस पेया, विलेपी, यूष या क्रमाने न्यावयाचे, त्याच्या पानात चौथ्या दिवशी पोळी-भाजी पडली. अग्नी अद्याप मंद. पुढे पोट फुगले, आम झाला, तर दोष विरेचनद्रव्यावर जातो किंवा रुग्णाच्या पथ्यावर. याउलट वेग थांबत नसताना ते कोणी नीट मोजत नसेल, तर अतियोगाचा धोका आहे, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात तो जिवावरचा ठरू शकतो.

वैगिकी शुद्धीपेक्षा लैंगिकी शुद्धीला महत्त्व द्यावे, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु कफान्त झाला की नाही, ग्लानी आली की लाघव, हेही त्याच परिचारकाने पाहिलेले असते. वैद्य त्या वेळी बाह्यरुग्ण विभागात असतात.

बस्तीच्या बाबतीत हाच घोळ स्वयंपाकघरापर्यंत जातो. अनुवासन भोजनोत्तर, निरूह अन्न न घेतलेल्या अवस्थेत, हे वैद्यांना ठाऊक, परिचारकाला ठाऊक. पण घरून डबा घेऊन आलेल्या रुग्णाच्या भावजयीला ते कोणी सांगितलेले नसते. काल जेवणानंतर बस्ती दिली म्हणून ती आजही प्रेमाने आधी पिठले-भाकरी वाढते. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नातेवाईक हा अर्धा परिचारकच असतो. त्याला संघातून वगळून चालत नाही. खाटेशी 'आज निरूह, उपाशी' एवढी पाटी लावली तरी पुष्कळ काम होते.

दुसरा अडथळा संकोचाचा. परिचारिकेला काही वेगळे दिसते, परंतु ती बोलत नाही. साहेब काय म्हणतील, हा विचार आड येतो. येथे ग्रंथांकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले ते उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितले तसे करणे, हा गुण त्यांनी रुग्णाच्या गुणांत घातला आहे, परिचारकाच्या नव्हे. परिचारकाकडून त्यांना पहिली अपेक्षा आहे ती ज्ञानाची. सुश्रुताचार्य परिचारकास 'वैद्यवाक्यकृत्' म्हणतात, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. जाणकार वाचक तो आक्षेप घेतीलच. परंतु त्याच ठिकाणी तो व्याधिताच्या रक्षणात तत्पर असावा असेही सुश्रुताचार्य सांगतात. मग वैद्याचे वाक्य आणि रुग्णाचे रक्षण यांत अंतर पडताना दिसले, तर परिचारकाने गप्प राहावे असा अर्थ त्यातून निघत नाही. त्याने थांबून विचारावे, असाच निघतो. चतुष्पादात वैद्य प्रधान आहे यात शंका नाही. पण त्या प्राधान्याचे वर्णन करताना चरकाचार्यांनी विज्ञाता, शासिता आणि योक्ता असे तीन शब्द वापरले आहेत. आपण मधल्या शब्दावर फार काळ रेंगाळलो. योक्ता म्हणजे योजना करणारा, जोडून घेणारा. तो शब्द मागे पडला.

यावर आधुनिक शल्यचिकित्सेतील एक अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियागृहासाठी १९ बाबींची एक पडताळणी सूची प्रसृत केली. त्यातील एक बाब अशी की, छेद घेण्यापूर्वी तेथे उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व आपले काम मोठ्याने सांगावे. ज्या आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, त्यांत नवी दिल्ली हे एक होते. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नाव सांगितल्याने जीव कसा वाचेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने एकदा सर्वांसमोर तोंड उघडले, त्याला पुढे शंका बोलून दाखविणे सोपे जाते. मात्र २०१४ साली कॅनडातील ऑंटारिओ प्रांतातील रुग्णालयांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथे लक्षणीय फरक आढळला नाही. कागदावर खुणा करणे आणि एकमेकांशी बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे आम्ही त्यावरून समजतो.

सांघिक कार्याचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे नाव येणारच. संस्थानाचे विश्वस्त कै. शिवशंकरभाऊ पाटील (निधन ४ ऑगस्ट २०२१) यांनी उभी केलेली व्यवस्था पाहावयास दूरदूरचे लोक येतात. सेवाधारी पाळीपाळीने गावोगावहून येतात, म्हणजे माणसे सतत बदलतात, तरी पादत्राणांच्या जागेपासून महाप्रसादाच्या पंगतीपर्यंत काम अडत नाही. आपण यातून भक्तिभाव तेवढा उचलतो आणि कर्मचाऱ्यांना निष्काम सेवेचे व्याख्यान देतो. हे आम्हांस रुचत नाही. तेथे सेवाधारी स्वेच्छेने येतो. आपल्याकडचा परिचारक पोटासाठी येतो आणि त्याचे वेतन वेळेवर होणे हा सांघिक कार्याचा पहिला नियम आहे. घ्यावयाचे ते हे की, प्रत्येकाची जागा व काम ठरलेले असले, तर माणूस बदलूनही काम बदलत नाही.

संघ रुग्णालयाच्या भिंतीपाशी संपत नाही, हे शेगाव तालुक्यानेच अलीकडे दाखवून दिले. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस काही दिवसांतच गळू लागले. आरंभी लक्ष पाण्याकडे व बुरशीजन्य संसर्गाकडे गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळल्याचे सांगितले. अशा प्रसंगी पाणी तपासणारा, त्वचा पाहणारा आणि ताटात काय पडते हे जाणणारी आशा कार्यकर्ती, प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा असतो. गावातल्या वैद्याच्या हातीही असतो. तो त्याने आरोग्य केंद्राला कळविला पाहिजे.

आता आपल्या भागाची खास अशी एक अडचण. शास्त्राने वमन वसंतात, विरेचन शरदात व बस्ती वर्षा ऋतूत सांगितले. आमचा परिचारक शेतकरी घरातला. वर्षा ऋतूच्या तोंडाशी त्याची पेरणी, शरदात सोयाबीनची कापणी व मळणी, वसंतात घरोघरची लग्ने. म्हणजे रुग्ण वाढतात नेमके त्याच वेळी हात कमी पडतात, आणि उरलेल्यांवर भार आला की कुरबुरी सुरू होतात. तिला आपण स्वभावदोष म्हणतो. तिचे मूळ पंचांगात आहे. यास्तव गुढीपाडव्याच्या सुमारास सर्वांना एकत्र बसवून कोणाचे शेत केव्हा तयार होते हे लिहून घ्यावे आणि रुग्णांच्या शोधनाच्या तारखा त्याप्रमाणे द्याव्यात. कापणीच्या आठवड्यात विरेचनाचे रुग्ण निम्म्यावर आणले तरी चालेल. मोजणारा झोपेने पेंगत असताना दिलेल्या विरेचनापेक्षा ते बरे.

रोजच्या कामासाठी एक वही पुरते. पाळी बदलताना जाणारा व येणारा, दोघांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ती भरावी : वेगांची संख्या, मलयुक्त किती सोडले, शेवटच्या वेगाचे स्वरूप, नाडी, तहान, उद्याचा आहार. खाली दोघांची नावे. आणि शेवटी एक रकाना कोरा ठेवावा, वैद्यांना विचारावयाच्या शंकेसाठी. सकाळी वैद्यांनी प्रथम तो रकाना वाचावा आणि उत्तर परिचारकाला नावाने हाक मारून, रुग्णासमोर न रागावता द्यावे. पहिले काही दिवस तो कोराच राहील.